विजन आणि भिक्षा : आरोग्यदायी एकांतवासाच्या संकल्पनेची सेमाडोहच्या संदर्भात चिकित्सा

उष्णकटिबंधातील एखाद्या किनाऱ्यावर आठ-दहा दिवस राहावे, सकाळी फळी घेऊन समुद्राच्या लाटांवर स्वार व्हावे, दुपारी लोड-तक्क्यांच्या आधाराने दीर्घकाळ चालणारी आसने करून थकलेले शरीर सैल सोडावे, हलका आहार घ्यावा, भ्रमणध्वनी बंद ठेवावा आणि ताजेतवाने होऊन घरी परतावे, अशा स्वरूपाच्या निवासी शिबिरांना ‘रिट्रीट’ असे संबोधले जाते. बाली, कोस्टारिका, श्रीलंका येथे फोफावलेला हा प्रकार भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरही येऊन स्थिरावला आहे. गोव्यात हरमल, आश्वे, मांद्रे या किनाऱ्यांवर योग आणि सर्फिंग शेजारी-शेजारी शिकवले जाते. कर्नाटकातील मुल्की येथे जॅक हेबनर या अमेरिकन वैष्णव संन्याशाच्या प्रेरणेने २००४ साली जो आश्रम उभा राहिला, त्यात तर लाटांवरील क्रीडा आणि नामसाधना यांत भेदच उरला नाही.

‘रिट्रीट’ या शब्दाला मराठीत एक प्रतिशब्द नाही. कोशात ‘माघार’ हा लष्करी अर्थ प्रथम भेटतो. त्याशिवाय एकांतवास, वनवास, अज्ञातवास, चातुर्मास, हवापालट असे कितीतरी शब्द मराठीत आहेत. परंतु त्यांतील प्रत्येकाला स्वतःच्या अटी आहेत. वनवास लादला जातो, अज्ञातवास नाइलाजाने पत्करला जातो, चातुर्मासाला पावसाचे बंधन असते आणि हवापालट हा वैद्याच्या सल्ल्याने करावयाचा असतो. कोणतीही अट न घालता केवळ मूल्य चुकते केले की मिळणारा एकांत, ही कल्पना मराठी भाषेला तशी नवी आहे. प्रस्तुत लेखात या नव्या एकांताची चिकित्सा करावयाची आहे. मात्र ती समुद्रकिनाऱ्याच्या नव्हे, तर मेळघाटातील सेमाडोहच्या संदर्भात. कारण वऱ्हाडातील वाचकाला हा एकांत सर्वप्रथम भेटतो तो तेथे.

सेमाडोह हे अमरावती जिल्ह्याच्या चिखलदरा तालुक्यातील, परतवाडा-धारणी मार्गावरील, सिपना नदीकाठचे कोरकू वस्तीचे गाव. येथे लाटा नाहीत. नावातच असलेला डोह आहे. १९७३-७४ मध्ये देशात व्याघ्र प्रकल्पाची योजना सुरू झाली, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटचा समावेश होता. १९८५ मध्ये अभयारण्य आणि १९८७ मध्ये गुगामल राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. सेमाडोह येथे वन विभागाचे पर्यटन संकुल आणि निसर्ग निर्वचन केंद्र आहे, तर जवळच कोलकास येथे सिपनेच्या वळणावर विश्रामगृह आहे. योगवर्ग किंवा जलक्रीडा यांचा येथे बडेजाव नाही. तरीही शहरी पाहुणा येथून जे घेऊन जाऊ इच्छितो, ते किनाऱ्यावरील शिबिरार्थीच्या अपेक्षेहून वेगळे नसते. शांतता, शुद्ध हवा, ‘निसर्गाच्या कुशीत’ मिळणारी विश्रांती आणि माणसांपासून सुटका हेच त्याला हवे असते. यांपैकी शेवटची अपेक्षा अधिक तपासून पाहण्याजोगी आहे.

या अपेक्षेचा स्थानिक इतिहास वासाहतिक काळापर्यंत मागे जातो. डिसेंबर १८०३ मध्ये गाविलगड इंग्रजांच्या हाती पडला. १८२३ मध्ये कॅप्टन रॉबिन्सनच्या दृष्टीस चिखलदऱ्याचे पठार आले आणि पुढे ते वऱ्हाडातील गोऱ्या अधिकाऱ्यांचे हवा खाण्याचे ठिकाण झाले. उष्ण प्रदेशात शरीर झिजते आणि डोंगरावर ते भरून निघते, हा त्यामागील वैद्यकीय समज होता. म्हणजेच ‘पुनर्लाभ’ या कल्पनेचा पाया त्या काळीही असा होता की, ज्याचे शरीर झिजते तो साहेब, आणि ज्याच्या खांद्यावरून साहेबाचे सामान घाट चढते त्याच्या झिजेचा हिशेब कोठेही मांडलेला नाही.

योगाची कथा मात्र वेगळी आहे आणि ती महाराष्ट्राची असल्याने येथे थोडे थांबावे लागते. आज जगभरच्या शिबिरांतून ‘रिस्टोरेटिव्ह योग’ या नावाने जी पद्धती शिकवली जाते, तिचे मूळ बव्हंशी पुण्यात आहे. १९३७ साली पुण्यात आलेले बी. के. एस. अय्यंगार हे बालपणी इन्फ्लुएंझा, हिवताप, क्षय अशा आजारांतून गेलेले होते. ज्यांना आसन स्वतःच्या बळावर करता येत नाही, त्यांच्यासाठी लोड, पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्ची, भिंतीला बांधलेले दोर यांचा आधार घेण्याची रीत त्यांनी विकसित केली. १९७५ साली सुरू झालेल्या त्यांच्या पुण्यातील संस्थेत रुग्णांसाठी स्वतंत्र वर्ग चालत आले. सेतुबंध सर्वांगासन किंवा विपरीत करणी ही आसने आधाराने दहा-दहा मिनिटे करणे हा तेथे उपचार होता. त्यांच्या अमेरिकन शिष्या ज्युडिथ लासाटर यांनी १९९५ मध्ये या विषयावर ग्रंथ लिहिला आणि पुढे ‘रिस्टोरेटिव्ह योग’ ही स्वतंत्र शाखा म्हणून रूढ झाली. त्याही आधी, १९२४ साली, स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करून आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढून योगाला प्रयोगशाळेत नेले होते. अमरावतीत १९१४ पासून कार्यरत असलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने शरीरसाधनेला राष्ट्रकार्याची जोड दिली. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्या मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली होती.

या तिन्ही प्रवाहांत शरीर कोणासाठी सावरायचे, या प्रश्नाला उत्तर होते. अय्यंगारांच्या वर्गात ते रुग्णासाठी, कैवल्यधामात ज्ञानासाठी, अमरावतीच्या आखाड्यात समाजासाठी होते. किनाऱ्यावरील शिबिरात हा प्रश्नच गळून पडतो. तेथील दिनक्रमाची रचना पाहता एक गमतीदार बाब ध्यानात येते. सकाळी शुल्क भरून शरीर थकवायचे आणि सायंकाळी शुल्क भरूनच त्याला विसावा द्यायचा, असे ते चक्र आहे. श्रम आणि विश्रांती दोन्ही पाहुण्याचेच. भात शिजवणारा, चादरी धुणारा, फळ्या वाहणारा यांच्या श्रमाला या चक्रात जागा नाही. सर्फिंगचा स्वतःचा इतिहासही येथे आठवावा असा आहे. हवाई बेटांवर लाटांवर स्वार होणे हा राजापासून सामान्यांपर्यंत सर्वांचा खेळ होता. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांची नापसंती आणि आयात रोगांनी झालेला लोकसंख्येचा ऱ्हास यांमुळे तो क्षीण झाला. १८९३ मध्ये तेथील राजसत्ता उलथवली गेली, १८९८ मध्ये बेटे अमेरिकेला जोडली गेली आणि त्यानंतर तोच खेळ वायकिकीच्या किनाऱ्यावर पर्यटकांसाठी नव्या दिमाखात अवतरला. भूमी तीच, लाटाही त्याच. परंतु ज्यांचा तो खेळ होता, ते आता यजमान आणि सेवक झाले.

एकांताचा दुसरा आदर्श शोधण्यासाठी वऱ्हाडाबाहेर जाण्याचे कारण नाही. मराठी गद्याचा आरंभ ज्या ग्रंथाने होतो, त्या म्हाइंभटकृत ‘लीळाचरित्रा’चा पहिला भाग ‘एकांक’ या नावाने ओळखला जातो. चक्रधरांच्या एकाकी भ्रमणाचा हा काळ असून महानुभाव परंपरेनुसार त्यातील बारा वर्षे साळबर्डीच्या डोंगरात गेली. साळबर्डी हे मोर्शीजवळचे, सातपुड्याच्या कुशीतील ठिकाण; मेळघाटाचे पूर्वेकडील शेजारीच म्हणावे. मराठीतील पहिला लिखित एकांतवास असा अमरावती जिल्ह्यात घडलेला आहे, याची दखल मराठीच्या अभ्यासकांनी या अंगाने फारशी घेतलेली दिसत नाही. या एकांतातही माणसे येतात. पारध्यांच्या पाठलागातून सुटलेला ससा चक्रधरांच्या आश्रयाला येतो, त्यामागून पारधी येतात आणि त्यांच्याशी संवाद घडतो, ही लीळा सर्वपरिचित आहे. अरण्यात जाणे म्हणजे अरण्यातील माणसांना दृष्टीआड करणे नव्हे, असा तिचा एक अर्थ निघतो.

पुढे चक्रधरांनी शिष्यांना जो आचार सांगितला, त्यात अटन, विजन, भिक्षा, भोजन हे शब्द एकमेकांच्या सोबतीने येतात. विजन म्हणजे जनरहित स्थळी, झाडातळी बसणे. परंतु हे विजन एकटे येत नाही. त्याच्या मागोमाग भिक्षा येते. जो दिवसाचा काही काळ माणसांपासून दूर बसतो, त्याला त्याच दिवशी झोळी घेऊन गावात, दारोदार, कोणतेही घर न वगळता जावे लागते. आपला एकांत कोणाच्या चुलीवर शिजतो, हे साधकाला रोज हातात पडणाऱ्या घासाबरोबर कळत असते. येथे भिक्षा हा केवळ उदरनिर्वाहाचा मार्ग राहत नाही. ती एकांताची लेखापरीक्षा ठरते. भिक्षेवाचून विजन ही कल्पना या आचारधर्मात संभवत नाही, आणि आधुनिक शिबिराने नेमके तेच संभवनीय केले आहे. शुल्क एकदाच, बहुधा आगाऊ भरले जाते आणि त्यानंतर कोणाच्याही दारात जावे लागत नाही.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या चरित्रात हाच आकृतिबंध विसाव्या शतकात पुन्हा दिसतो. पोरवयात घर सोडून रामटेक, साळबर्डी येथील अरण्यांत भटकलेला हा साधक अरण्यात राहिला नाही. १९३५ साली मोझरीस गुरुकुंज उभे राहिले आणि १९५५ मध्ये ‘ग्रामगीता’ प्रकाशित झाली. अरण्यातून परतलेल्या माणसाने लिहिलेल्या या एकेचाळीस अध्यायांच्या ग्रंथाचा विषय अरण्य नाही, गाव आहे. आणि त्यात श्रमाला संपत्ती मानणारा स्वतंत्र अध्याय आहे, ही गोष्ट बोलकी आहे.

ही केवळ भारतीय अध्यात्माची मिरास आहे, असाही दावा करता येत नाही. हेन्री डेव्हिड थोरो याचा ‘वॉल्डन’ (१८५४) हा ग्रंथ दुर्गा भागवतांनी ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावाने मराठीत आणला. आज तो शहरत्याग करणाऱ्यांचे बायबल झाला असला, तरी त्याचे पहिले आणि सर्वांत दीर्घ प्रकरण अर्थव्यवहारावर आहे. खोपटे बांधण्यास २८ डॉलर साडेबारा सेंट लागले, हा हिशेब थोरो फळ्या, खिळे, चुना यांच्या किमतींसह देतो. जमीन इमर्सनची होती. त्याच्या एकांतावर टीका करणाऱ्यांनी आईच्या घरी तो जेवावयास जात असे, याचा पुष्कळ गवगवा केला; परंतु निदान लिहिलेला हिशेब तरी त्याने वाचकापुढे ठेवला होता.

हा हिशेबाचा निकष सेमाडोहला लावला असता काय दिसते? बुद्धपौर्णिमेच्या रात्री मेळघाटातील पाणवठ्यांवर मचाणावर बसून वन्यप्राणी पाहण्याचा उपक्रम वन विभाग राबवितो आणि नागरिक शुल्क भरून त्यात सहभागी होतात. वैशाखाचे चांदणे, निष्पर्ण सागवन, पाण्यावर येणारे सांबर, गवा, अस्वल आणि रात्रभराचे मौन यांपेक्षा उत्तम ‘रिट्रीट’ क्वचितच सापडेल. परंतु त्या मचाणावर पाहुणा एकटा नसतो. त्याच्याजवळ बहुधा वन विभागाचा कर्मचारी किंवा गावातील वाटाड्या बसलेला असतो. बांबू, बल्ल्या बांधून मचाण उभे करणारे हात जवळच्या पाड्यावरचे असतात. पाहुण्याने लिहिलेल्या अनुभवकथनात मात्र ‘मी आणि निसर्ग’ अशी दोनच पात्रे उरतात. या प्रकारच्या लेखनातील सर्वांत मोठे असत्य वाघ दिसल्याच्या बढाईत नाही; ते या वगळलेल्या तिसऱ्या पात्रात आहे.

त्या तिसऱ्या पात्राचा अलीकडचा इतिहास शांततेचा नाही. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्यांतून मृत वा वाळलेली झाडे, गवत इत्यादी काढण्यास मनाई केली. ज्यांचे वर्षाचे गणित मोहफुले, डिंक, तेंदूपाने, चारा यांवर बसलेले होते, त्यांच्यासाठी अरण्य आक्रसले. १९९३ मध्ये मेळघाटातील बालमृत्यू राज्यभर चर्चेचा विषय झाले. कुपोषण आणि मेळघाट हे शब्द मराठी वृत्तपत्रांत तेव्हापासून जोडीनेच येत राहिले. रोजगारासाठी होणारे स्थलांतर, रस्त्याअभावी दवाखान्यापर्यंत न पोचणारी बाळंतीण, पावसाळ्यात तुटणारा संपर्क ही त्याच अरण्याची दुसरी बाजू. बैरागड येथे दीर्घकाळ वैद्यकीय सेवा देणाऱ्या डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. परंतु ज्या अरण्यात पाहुणा आरोग्य मिळवावयास येतो, त्याच अरण्यात मूल जगवणे हे कार्य पुरस्कारयोग्य ठरावे इतके दुष्कर होते, या विसंगतीवर पर्यटनविषयक लेखनात एक ओळही आढळत नाही.

गावांच्या पुनर्वसनाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे आणि त्याचा एकाच बाजूने निवाडा करणे अन्यायाचे ठरेल. बोरी, कोहा, कुंड ही गावे प्रथम हलली, नंतर इतर अनेक. २००८ पासून केंद्राच्या योजनेनुसार कुटुंबामागे दहा लाख रुपयांचा पर्याय उपलब्ध झाला. शाळा, वीज, रस्ता यांच्या ओढीने काही कुटुंबे स्वखुशीने बाहेर पडली आणि मोकळ्या झालेल्या गावठाणांवर गवताळ कुरणे वाढून तृणभक्षी प्राण्यांना त्यांचा लाभ झाला, हे नाकारता येत नाही. तथापि जानेवारी २०१९ मध्ये अकोला जिल्ह्याच्या बाजूस पुनर्वसित झालेली काही कुटुंबे केलपाणी, गुल्लरघाट येथील आपल्या जुन्या जागी परतली आणि तेथे वन कर्मचाऱ्यांशी त्यांचा हिंसक संघर्ष झाला. समाधानाने गेलेली माणसे अशी परत येत नाहीत. समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची बाब ही की, माहितीपत्रकांतील ‘निर्मनुष्य’, ‘अस्पर्श’, ‘आदिम’ ही विशेषणे वर्णनात्मक नसून ऐतिहासिक आहेत. मेळघाटचा हा गाभा निर्मनुष्य होता असे नाही. तो निर्मनुष्य करण्यात आला. चांगल्या हेतूने करण्यात आला असे ज्यांना वाटते, त्यांनीही क्रियापद तरी बरोबर वापरावे.

मराठीत अरण्याविषयी लिहिणाऱ्यांत मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांचे स्थान वादातीत आहे. वन खात्यातील त्यांच्या सेवाकाळात कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा यांबरोबर मेळघाटही होते. त्यांच्या गद्यात अरण्य ही विश्रांतीची जागा म्हणून क्वचितच येते. ती शिकण्याची जागा आहे, आणि शिकवणारी माणसे नावानिशी येतात. नवेगावबांधचे माधवराव पाटील डोंगरवार हे त्यांतील ठळक उदाहरण. काकागार, सारंगागार यांसारखे शब्द मराठीत रुजवणारा हा लेखक शब्दांचे ऋण मान्य करतो. त्यांच्या एका पुस्तकाचे नाव ‘जंगलाचं देणं’ असे आहे. मराठीत ‘देणं’ म्हणजे दान, आणि ‘देणं’ म्हणजे कर्जही. जंगलाने दिलेले आणि जंगलाला द्यावयाचे असलेले, हे दोन्ही अर्थ एका शब्दात नांदतात. पर्यटन-साहित्याने त्यांतील पहिला तेवढा उचलला. मात्र चितमपल्लींच्या लेखनालाही मर्यादा आहे. ज्या कायद्याची अंमलबजावणी वनाधिकाऱ्याला करावी लागते, त्या कायद्याने पाड्यावरच्या माणसाची झालेली घुसमट त्यांच्या ललित गद्यात फारशी उतरत नाही. अरण्यातला माणूस तेथे जाणता म्हणून येतो, हक्कदार म्हणून विरळाच.

हा भेद महाविद्यालयीन वर्गासाठी केवळ तात्त्विक नाही. वऱ्हाडातील महाविद्यालयांच्या शैक्षणिक सहली आणि निसर्गशिबिरे यांचे सेमाडोह हे ठरलेले ठिकाण आहे. त्यानंतर लिहिल्या जाणाऱ्या अहवालांत वृक्ष, पक्षी, फुलपाखरे यांच्या याद्या असतात, ‘निसर्गाच्या सान्निध्यात विद्यार्थ्यांनी आनंद लुटला’ असे वाक्य असते; वाटाड्याचे नाव, स्वयंपाक करणाऱ्या बाईचे नाव, तिच्या रोजाचा आकडा नसतो. सिपना हा कोरकू शब्द असून त्याचा अर्थ साग, एवढी नोंद तरी क्वचितच भेटते. प्राणिशास्त्राच्या अहवालात रानपिंगळ्याची नोंद आवर्जून होते, आणि ती व्हावीच. एकोणिसाव्या शतकानंतर नष्ट झाला असे मानला गेलेला हा पक्षी १९९७ मध्ये खानदेशात पुन्हा सापडला आणि पुढे मेळघाटातही आढळला. परंतु कोरकू ही ऑस्ट्रो-आशियाई कुळातील मुंडा भाषांपैकी सर्वांत पश्चिमेकडील भाषा आहे, तिचे बोलणारे त्या सहलीत जेवण वाढत होते, याची नोंद मराठी विभागाच्या अहवालातही होत नाही.

वनहक्क कायदा २००६ साली संमत झाला. त्याखाली २०१२ मध्ये अमरावती जिल्ह्यातील पायविहीर या गावाला सामूहिक वनहक्क मिळाले. ग्रामसभेने उजाड टेकड्यांवर झाडे लावली, जुनी राखली, सीताफळे गोळा करून शहरात विकली आणि २०१४ मध्ये जैवविविधता संवर्धनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळविला. सेमाडोहला जाणाऱ्या सहलींच्या वाटेपासून हे गाव फार दूर नाही.